काढ्यातली शाई

केस गळण्याचं सांगायला बसले की मला आजही आधी दमच आठवतो. ऐंशीनंतरची गोष्ट, साल नेमकं आठवत नाही. धाकटी सहा महिन्यांची होती, एवढं पक्कं. विहिरीवरून एक कळशी आणली की मी पडवीत टेकायची, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. केस तर कुठेही सापडत. न्हाणीच्या मोरीत, भाकरीच्या पिठात, अंगावर पाजताना पोरीच्या मुठीत. एकेकाळी माझी वेणी मनगटाएवढी होती हो. ती बोटाएवढी झाली.

शेवटी एस.टी.नं देवगडला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, बोटातलं रक्त काढून तपासलं.

"केसांचं औषध मागायला आलात, पण अंगात रक्त आहे कुठे?" ते म्हणाले. "लोहाच्या गोळ्या देतो. रोज सकाळी एक, तीन महिने. रक्त वाढलं की केसांचंही बघू. नाही वाढलं तर कोल्हापूरला दाखल करून रक्त भरावं लागेल."

"माझी पोर पिती आहे, डॉक्टर."

"म्हणूनच सांगतो, गोळी चुकवू नका."

घरी सासूबाईंचा काढा आधीच चालू झाला होता. हिरडा, आवळकाठी आणि माका. माका म्हणजे केसांसाठी वापरतात ती वनस्पती, आणि आमच्या बोलीत 'माका' म्हणजे 'मला'. त्या रोज घरामागच्या परड्यात वाकून माका खुडायच्या आणि आमच्या ह्यांना चेव यायचा. "आये, माका माका म्हणतंस आणि पाजतंस हिका!"

"तू गप रव. उरलेलो तुझ्या टकलार ओततंय!"

हसायलासुद्धा दम लागायचा तेव्हा. तरी हसायची मी.

आता घोळ कसा झाला बघा. सासूबाईंचं ठाम मत, "इंग्रजी गोळ्यो उष्ण. आसत ते केसय झडतले." त्यामुळे गोळ्यांचं त्यांना सांगितलं नाही. आणि झाडपाल्याचं नाव काढलं तर डॉक्टर ओरडतील, म्हणून काढ्याचं डॉक्टरांना सांगितलं नाही. दोघांनाही दुखवायचं नव्हतं, आणि भांडायचं बळ तर नव्हतंच. गोळी घ्यायची तरी कधी? सकाळी सासूबाई काढ्याचा पेला हातात द्यायच्या. मी गोळी मुठीत धरून यायची, पेला तोंडाला लावताना ती तोंडात टाकायची आणि कडू घोटाबरोबर गिळायची. वर आपल्याच हुशारीचं कौतुक.

दीड महिन्यानं पुन्हा देवगड. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, कागद बघून चष्मा काढला. "काहीच फरक नाही. गोळ्या खरंच घेताय ना?"

"एकही चुकवली नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. "आणखी दीड महिना बघू. मग कोल्हापूर."

येताना एस.टी.त पोर मांडीवर झोपली होती. ही मला सोडून कशी राहणार? बाहेरचं दूध अजून तिच्या जिभेला लागलेलं नव्हतं. मला रडूही आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

मग एक दिवस आंब्याच्या पेट्या न्यायला टेम्पो आला. गोळी मोठी लागायची म्हणून मी सुरीनं तिचे दोन तुकडे केले होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, मी दचकले आणि दोन्ही तुकडे काढ्यात पडले. पेला चुलीमागे लपवून बाहेर गेले. पेट्या मोजून देऊन परत आले तर पेल्यात काढा नव्हताच. काळं-निळं काहीतरी होतं. बोट बुडवलं, तर बोट काळं.

ते काळं बोट बघून मला माहेर आठवलं. माझे वडील मास्तर. लहानपणी शाई आमच्या घरीच व्हायची. हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे टाकून ठेवायचे, काळीभोर शाई. खिळे वेचायचं काम माझं! आणि इथे दीड-दोन महिने रोज तीच शाई मी पोटात करत होते. हिरड्यानं लोह धरून ठेवलं, तर ते माझ्या रक्तात येणार कुठून?

"ह्यो काढो काळो कित्याक झालो गो?" मागे सासूबाई उभ्या.

आता लपवायचाही कंटाळा आला होता. सगळं सांगितलं. गोळ्या, मूठ, कोल्हापूर, सगळं.

त्यांनी पेला उचलून उजेडात धरला. "म्हणजे इतके दिवस मीच तुझ्या वायटावर होतंय?"

"तसं नाही हो आई. चोरून मी घेत होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काढा केलाच नाही. माका खुडायलाही गेल्या नाहीत. मला गोळीपेक्षा ते जड गेलं.

मी डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, मग मला आधी का नाही सांगितलंत? मीही विचारलं नाही म्हणा. हिरडा, आवळकाठी, तसाच चहासुद्धा गोळीबरोबर नको. गोळी सकाळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. काढा सोडवत नसेल तर संध्याकाळी घ्या. आणि घरच्यांपासून लपवू नका."

घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर काढ्याक नको म्हणूक नाय ना?"

"नाही. संध्याकाळी घ्या म्हणाले."

रक्त हळूहळू वाढलं. कोल्हापूर टळलं, पोर माझ्याजवळच राहिली. केस आले, पण ती मनगटाएवढी वेणी काही परत आली नाही. गोळीनं आले की काढ्यानं, की पोर पिणं सोडल्यावर आपसूक आले, कोण जाणे. सासूबाई मात्र शेजारी सांगत सुटल्या, "माझ्या माक्यान आयले." मी कधी खोडून काढलं नाही.

डॉक्टरांचं सांगितल्यापासून रोज सकाळी सासूबाई स्वतःच लिंबाचं पाणी घेऊन समोर उभ्या राहायच्या. गोळ्यांची बाटली त्यांनी आपल्या फडताळात ठेवली होती. एक गोळी माझ्या तळहातावर ठेवायच्या, मी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत, आणि मग म्हणायच्या, "उघड बघू मूठ."

मी उघडायची. रिकामी.