पुसायची राहिलेली जागा

आमच्या घरात निनावी पत्रक म्हणजे भेकडाचं काम. चळवळीतल्या बाबांच्या प्रत्येक पत्रकाखाली त्यांचं नाव असायचं, आणि गठ्ठा वाटायला निघण्याआधी, चूक राहू नये म्हणून, वरचा कागद कुणीतरी मोठ्याने वाचायचं. देवबागला मामाकडे बसून मी फोटो चढवत होते, त्याखालीही नाव माझंच होतं. मामाचं मात्र कुठेही येता कामा नये, असं ठरलं होतं. खाडीत पंप लावून चोरून वाळू उपसतात. मामाची जाळी तिथेच पडतात. त्या उपशाचे फोटो तो आपल्या पडवीतून काढायचा. "फोटो कोण काढता?" असं विचारत दोन माणसं वाडीत फिरून गेली होती.

मोबाइलच्या फोटोत तो कुठे काढला ती जागाही नोंदलेली असते. म्हणून मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती तीन प्रोग्राम एकामागून एक चालवायची. पहिला जागा पुसणार, दुसरा फोटो हलका करणार, तिसरा इंटरनेटवरच्या आमच्या पानावर चढवणार. ते पान कुणालाही उघडता यायचं. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालायचं. इथे लॅपटॉप मामेबहिणीचा होता.

"काय गो, तुझो कारखानो सुरू झालो काय?" जाळं विणता विणता मामाने विचारलं. मी हसले.

काम पूर्ण झाल्याची ओळ आली. घरच्या सवयीने मी पानावरचा पहिला फोटो उतरवून तपासला. जागा तशीच होती. नकाशावर मामाचं छप्पर दिसलं.

पडद्यावरचा मजकूर मागे सरकवला. पहिला प्रोग्राम या लॅपटॉपवर नव्हताच. तशी ओळही आली होती. पण आधीचं काम झालं का, हे बघायला मी स्क्रिप्टला सांगितलंच नव्हतं. ती बिनदिक्कत पुढे गेली होती.

मी सगळे फोटो काढून टाकले. पानाची लिंक मात्र मी सकाळीच गावच्या सगळ्या ग्रुपवर टाकली होती. मधल्या वेळात कुणी काय उतरवून घेतलं, हे कळायला मार्ग नव्हता.

मामाला सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुझ्या मामीक काय सांगू नको," एवढंच म्हणाला.

खाडीतला वाळूचा पंप सकाळपासून घरघरत होता. आम्ही तसेच बसलो असताना तो बंद पडला. मामाने मान वर केली, थोडा वेळ कान दिला आणि जाळं बाजूला ठेवलं.

"दार लाव गो."