थंड मशीन दाखवा

शनिवारी गोंदियात जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात तीन तास गेले. आज मंगळवार आहे… राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

डेस्कटॉप हवा होता माझ्या रोशनी वहिनीला, म्हणजे चुलतभावाच्या बायकोला. ती गोंदियाजवळच्या मुर्रीला राहते. सिव्हिलचा डिप्लोमा आहे, पण लग्नानंतरची पाच वर्षं घरातच गेली. आता नागपूरचे एक इंजिनिअर घरून ड्रॉइंगचं काम द्यायला तयार झाले… अट एकच, सोमवारी ट्रायलचं ड्रॉइंग करून पाठवायचं. तिच्या लॅपटॉपवर ती फाईल उघडायलाच नऊ मिनिटं लागत होती. मी मोजली होती.

नवीन मशीन परवडणारं नव्हतं. मग ठरवलं, ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप घ्यायचा, पण पुढे ज्यात रॅम वाढवता येईल, ग्राफिक्स कार्ड बसेल असाच. मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे, मशीन तपासणं हेच माझं काम. अकरा मुद्द्यांची यादी केली. पेनड्राइव्हमध्ये टेस्टिंगचं सॉफ्टवेअर, पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर. सोबत वहिनी आणि तिचे सासरे, म्हणजे माझे थोरले काका, मोठेबाबा.

दुकानदाराने आधी एक स्लिम डेस्कटॉप पुढे सरकवला. वर आय-सेव्हनचं चकचकीत स्टिकर. मी आत पाहिलं तर प्रोसेसर थर्ड जनरेशनचा, म्हणजे फार जुना, आणि त्या चपट्या डब्यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसणारच नाही. मी म्हटलं, टॉवर दाखवा, एट्थ जनरेशनचा आय-फाइव्ह.

तो माझ्याकडे न बघता मोठेबाबांना म्हणाला, "काकाजी, आप ही समझाओ. लोग फाइव्ह से सेव्हन में जाते हैं, मॅडम उल्टा जा रही हैं."

मोठेबाबा चहा पीत होते. नुसते हसले. मला ते हसणंही लागलं.

शेवटी टॉवर मिळाला. टेबलवर आधीपासून चालूच होता. प्रोसेसर बरोबर, रॅमचे दोन स्लॉट रिकामे, एसएसडीची तब्येत ठीक, टेस्ट पास. आता फक्त उघडून पाहायचं होतं… आणि मागच्या स्क्रूवर दुकानाचं कागदी सील.

"सील टूटा तो वॉरंटी गयी, मॅडम."

म्हणजे आत काय आहे ते बघायचं असेल तर वॉरंटी सोडा, आणि वॉरंटी हवी असेल तर आत बघू नका! मी तीनदा सांगितलं, तुमच्यासमोर उघडते, नवीन सील तुम्हीच लावा. तिन्ही वेळा उत्तर मोठेबाबांना दिलं गेलं. वर मोठेबाबाच मला म्हणाले, "जाऊ दे ना बेटा, कायले एवढी चिडून राहिली? त्याचं दुकान आहे."

वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. शनिवार संपत आला होता. मी यादी पाहिली, दहा मुद्द्यांवर टिक. 'पॅक करा' म्हणणारच होते.

तेवढ्यात मोठेबाबा उठले आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीवर त्यांनी पंजा ठेवला. त्यांना कॉम्प्युटरमधलं काहीच कळत नाही. पण जुने ट्रॅक्टर घेण्यात-विकण्यात त्यांची हयात गेली आहे.

"कवापासून चालू आहे हे?"

"सुबह से, काकाजी."

"बंद कर. थंड होऊ दे. मंग पाहू."

"बंद काहे को? सब टेस्ट तो हो गया…"

"गरम इंजिन तं कोणतंही चालते, भाऊ. मी सोताच असे विकले दोन ट्रॅक्टर." असं म्हणून त्यांनी सरळ प्लगच काढला.

एक तास आम्ही बसलो. मग बटण दाबलं. आतला फॅन फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. सहाव्या वेळी मशीन सुरू झालं.

दुकानदार म्हणाला, "व्होल्टेज कम है."

मोठेबाबांनी वर बोट दाखवलं. "पंखा तं बराबर फिरून राहिला."

मग सील त्याने स्वतःच फाडलं. आत कंपनीचा पॉवर सप्लाय नव्हताच. एक स्वस्तातला, जोडवायर लावून बसवलेला. थंड असताना धड लोड उचलत नव्हता, एकदा तापला की चालायचा. सकाळपासून मशीन चालू ठेवायचं कारण तेच, आणि सीलचंही.

त्याच मॉडेलचे आणखी चार टॉवर कोपऱ्यात पडून होते. थंड. मी एक निवडला आणि उघडला, वहिनीने टॉर्च धरला. या वेळी कोणी अडवलं नाही. पहिल्याच बटणाला सुरू झाला, तोच घेतला.

राग दुकानदाराचा आहेच. मी तीनदा 'उघडते' म्हटलं ते ऐकू आलं नाही, मोठेबाबांनी एकदा 'बंद कर' म्हटलं ते लगेच ऐकू आलं, याचा जास्त आहे. पण खरं सांगायचं तर… बंद करून थंड होऊ द्या, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. मी ते मशीन घेऊन आले असते, आणि सोमवारी सकाळी मुर्रीत वहिनी बटण दाबत बसली असती. त्याबद्दल मोठेबाबांचे आभार. 'जाऊ दे'बद्दल नाही, तेही त्यांना सांगून झालं आहे.

काल दुपारी न राहवून मी वहिनीला फोन केला. कसं चालतंय मशीन?

"ताई, ट्रायल पास झाली, नागपूरवाल्यानं दुसरं ड्रॉइंग बी पाठवलं. काम करून राहिली ना मी… मंग बोलू." आणि फोन ठेवून दिला.

माझा फोन कोणी असा कापला की मला सहसा आवडत नाही. काल आवडला.