झटकलेला कोळसा

समजा, तुमच्यासमोर एक शिंपी मशीनवर बसलाय. तुमच्या मांडीवर फळी, फळीवर खाकी कागद आणि हातात कोळशाची कांडी. तुम्हाला त्याचे हात काढायचे आहेत. तो काही तुमच्यासाठी थांबणार नाही, त्याला बाही आजच द्यायची आहे. तुम्ही अंगठ्याची रेघ ओढेपर्यंत अंगठा कापडाखाली गेलेला असतो. खोडावंसं वाटेल, पण खोडू नका. दुसरी रेघ ओढा, तिसरी ओढा. अंगठा जिथे जिथे जाऊन आला तिथे तिथे राहू द्या. मग त्या गुंत्यातली एकच रेघ निवडा आणि जाड पेन्सिलीने दाबून पक्की करा. शेवटी जिथे उजेड पडलाय तिथे थोडा पांढरा खडू.

माझी मामी अशी चित्रं काढते. कागद मामाचा, कपड्याचे नमुने कापून उरलेला. खडूही मामाचाच, कापडावर खुणा करायचा. "कोळसा तेवढा माझा," असं ती म्हणते.

मामाचं शिवणाचं दुकान म्हणजे एक खोली, त्यात कापायचं लांब टेबल आणि दोन मशिनी. मामी खिडकीशी बसून काजं करते, बटणं लावते. काजांवरून नजर वर केली की समोर कोणाचे तरी हात असायचे, म्हणून ती हात काढू लागली. आधी मामाचे, मग बेकरीत कणीक तिंबणाऱ्याचे, मग इंजेक्शन भरणाऱ्या नर्सबाईंचे. तोंड तिने कधी काढलं नाही. तोंडाला समजतं की आपल्याकडे कोणी बघतंय, हाताला ते समजत नाही, असं तिचं म्हणणं.

मामा येता-जाता टोमणे मारायचा. "अगं, या हाताला अंगठे चार झालेत. मोज जरा."

"तुम्ही हलता म्हणून चार."

"मग न हलणारा माणूस शोध ना. सरकारी ऑफिसात जाऊन बस!"

पण खाकी कागदाचे चांगले, न चुरगळलेले तुकडे तो बाजूला काढून ठेवायचा, हे मी पाहिलंय.

एकदा वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई कोटाचं अस्तर बदलायला आल्या आणि भिंतीवर टाचण्यांनी लावलेली चित्रं बघत उभ्याच राहिल्या. वरच्या मजल्यावरची खोली पुढच्या आठवड्यात रिकामी आहे, तिथे लावा ही, म्हणाल्या. मामी म्हणाली, "काहीतरीच काय!" आणि त्याच संध्याकाळी मामाचा टेप घेऊन ती खोली मोजायला गेली. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच तिचं काम दुकानाबाहेरच्या लोकांना दिसणार होतं. तिला एकच धास्ती होती, लोकांना त्यातली हालचाल दिसेल का? की तेही अंगठेच मोजतील?

ज्या दिवशी चारला प्रदर्शन उघडायचं होतं, त्या सकाळी मामी आणि मी, आम्ही दोघी वाचनालयात दोऱ्या बांधायला गेलो. अर्धी चित्रं आधीच तिथे नेली होती. उरलेली दुकानात कापायच्या टेबलावर पसरलेली होती. कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. तो पक्का करायला एक फवारा मारावा लागतो. पण त्याला उग्र वास येतो आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांना तो लागला असता, म्हणून मामी तो वाचनालयाच्या गच्चीत मारणार होती.

आम्ही परत आलो तर टेबल रिकामं. चित्रांची सुबक गुंडाळी करून तिला कापडी पट्टी बांधलेली. मामा छाती फुगवून उभा.

"बघ कशी चकाचक केलीत! सगळी ब्रशने साफ केली."

मामीने पट्टी सोडली. खाकी कागदावर पेन्सिलीच्या पक्क्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"खडू कुठे गेला?"

"झटकला की. गिऱ्हाइकाला कधी खडूसकट कोट देतो का आपण?"

"आणि कोळसा?"

"तो तर धुरळाच होता गं. तुझी पक्की रेघ एकसुद्धा हलली नाही, तुझी शपथ."

मामी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एकेक चित्र उलगडून बघत राहिली, मग तिने सगळी पुन्हा गुंडाळली आणि स्टुलावर बसली. "त्या बाईंना कळवून टाका. प्रदर्शन नाही."

"सगळंच गेलं का?" मामाचा आवाज खाली आला होता.

"अहो, तुम्ही हात ठेवलेत आणि त्यांचं काम पुसून टाकलंत."

मामाने ब्रश टेबलावर ठेवला. मग त्याने लहान मशीनवरचं कापड काढलं आणि मला म्हणाला, "एका बाजूने धर."

"कुठे न्यायचंय?"

"वाचनालयात. मी तिथे बसून बाह्या लावतो, ही तिथे बसून पुन्हा काढेल. चार अंगठे हलवतो. पाच हवे असतील तर पाच."

"लोकांसमोर?" मामी म्हणाली. "माझी रेघ चुकली म्हणजे?"

"चुकू दे की. मी नाही का गिऱ्हाइकासमोर उसवत?"

चार वाजता लोक आले तेव्हा एका भिंतीवर चित्रं होती, दुसरीवर नुसत्या दोऱ्या, आणि मधे मामाची मशीन खडखडत होती. मामीच्या पहिल्या दोन कागदांवर काहीच जमलं नाही. कांडी तीनदा मोडली. मामा मान वर न करता पुटपुटला, "नाक नीट येतंय ना?"

"नाक कोण काढतंय तुमचं!"

लोक हसले, ती पण हसली, आणि तिचा खांदा सैल पडला. पुढच्या कागदावर बाही फिरू लागली. एक बाई वाकून बघत म्हणाल्या, "इथे चुकलंय का हो?" मामीने उत्तर द्यायच्या आधीच शेजारचा माणूस म्हणाला, "चुकलं नाही, हललंय ते. तिकडे बघा ना, हात हलतोय." मामीने वर पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

तेवढ्यात दुकानासमोर किल्ल्या बनवून देणारे काका जिना चढून आले. "ताई, माझा हात कुठाय? इतके दिवस टक लावून बघत होतात, आणि भिंतीवर नाही?"

मामा मशीनवरून उठला. मशीनसोबत आणून टेबलाखाली ठेवलेल्या गुंडाळीतून त्याने ते चित्र शोधून काढलं. "माझ्यामुळे खराब झालंय, काका."

काकांचा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. किल्लीचे दात घासायची कानस चालवताना ते मनगट टेबलावर दाबून धरतात. मामीने ती थरथर कोळशाच्या असंख्य बारीक रेघांनी पकडली होती. आता त्यातली एकही उरली नव्हती. पकडीत किल्ली, किल्लीवर कानस आणि कानशीवर एक स्थिर हात.

काकांनी कागद धरला. कागद थरथरत होता, त्यावरचा हात स्तब्ध होता.

"किती दिवसांनी भेटला हा," ते म्हणाले. "हाच लावा. आणि सगळं संपलं की मला द्या."

"काका, हे अर्धवट आहे. बसा इथे, मी पुन्हा काढते."

"नको ताई. बसलो तर तुम्ही खरं काढाल."

मामीने ते चित्र स्वतःच्या हाताने रिकाम्या दोरीवर अडकवलं. प्रदर्शन संपेपर्यंत त्या भिंतीवर झटकलेली सगळीच चित्रं चढली, शेजारी मामाच्या बाहीची नवी तीन. ग्रंथपाल बाईंनी पुढच्या वर्षीही खोली द्यायचं कबूल केलंय, आणि मामा आता ब्रशला हात लावण्याआधी विचारतो.

काकांना चित्र देण्याआधी आम्ही ते गच्चीत नेलं. मी फवाऱ्याची बाटली हलवत होते. मामी चित्र उन्हात धरून बघत होती.

"चांगलं आहे गं," ती जरा वैतागूनच म्हणाली. "तेच कळत नाही. मी काढलं त्या दिवशीही त्यांचा हात कापत होता. इतक्या वाकड्या रेघांतून ही सरळ रेघ मी निवडली. ती मला दिसली होती, की मला हवी होती?"