सुयांचा चाळीस वर्षांचा अनुभव

शिंपीणबाईंचा उजवा खांदा दुखायला लागला, तेव्हा धाकट्या जावेने त्यांना सुया टोचणाऱ्या उपचारकाकडे नेलं. भिंतीवर सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र, बोलणं मधाळ. तिसऱ्या खेपेनंतर टोचलेली जागा पिकली, आत पू झाला आणि दोन महिने बाईंना कात्री धरता येईना.

उपचारक म्हणाला, "अंगातली घाण बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे."

बाई आरोग्य कार्यालयात गेल्या. साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "ते डॉक्टर असते तर कारवाई केली असती. डॉक्टर नाहीत, म्हणून आमच्या कक्षेत येत नाहीत."

"म्हणजे शिकलेल्याला शिक्षा आणि न शिकलेल्याला मोकळं रान?"

"त्यांची संघटना आहे ना, तिथे तक्रार करा."

संघटनेचं उत्तर आलं, तक्रार निराधार आहे. खाली अध्यक्षांची सही होती, त्याच उपचारकाची.

बाईंनी आदळआपट केली नाही. त्यांनी संघटनेकडून सभासदत्वाचा अर्ज मागवला. त्यात एक रकाना होता, 'सुया वापरण्याचा अनुभव'. बाईंनी खरं तेच लिहिलं, चाळीस वर्षं. पंधरवड्यात प्रमाणपत्र घरपोच आलं. बाई 'वरिष्ठ उपचारक' झाल्या होत्या. जाऊ हसून हसून भिंतीला टेकली.

बाईंनी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "आता मी माणसांना सुया टोचू शकते. तुमची मान दुखते का हो?"

साहेबांनी खुर्ची जराशी मागे घेतली. "तुम्हाला येतं हे?"

"मला काजं-बटणं येतात."

साहेबांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं आणि तपासणीचा आदेश काढला. उपचारकाकडे वापरलेल्या सुया पेल्यातल्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरायला ठेवलेल्या सापडल्या. डॉक्टर असो वा नसो, अस्वच्छतेचा नियम सगळ्यांनाच लागू होता. खोलीला टाळं लागलं. बाईंना औषधपाण्याचा खर्च आणि लेखी माफी मिळाली. माफीत शुद्धलेखनाच्या चुका होत्या, म्हणून बाईंनी ती पुन्हा लिहून घेतली.

पुढे संघटनेच्या तक्रार समितीवर स्वतः उपचार न करणारा एक माणूस घ्यायचं ठरलं. साहेबांनी बाईंचंच नाव सुचवलं. पहिल्याच बैठकीत बाईंनी सगळ्या उपचारकांना हात पुढे करायला लावून नखं तपासली.

जाऊ मात्र सुधारली नाही. हल्ली ती गुडघ्यांना लोहचुंबक लावणाऱ्याकडे जाते. बाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्या पर्समध्ये त्यांनी तक्रारीचा एक कोरा अर्ज घडी करून ठेवला.