गेटबाहेरचं स्टूल

आमच्या मुलुंडच्या चर्चमध्ये ‘मिशन आणि नवोपक्रम समिती’ निघाली तेव्हा अध्यक्ष म्हणून माझी एकमतानं निवड झाली. त्या मीटिंगला लॅपटॉप घेऊन आलेला मी एकटाच होतो. मी त्यावर ऑफिसचं राहिलेलं काम उरकत होतो, हे सांगायचं राहून गेलं. घरी बातमी दिली तर बायको म्हणाली, “अरे वा. गिझरचा टायमर अजून मीच लावते, तेवढं त्यांना कळवू नकोस.”  आत्या चपला शोधत होती. गुरुवार होता.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. निवृत्त नर्स. लग्न केलं नाही, आमच्याकडे राहते आणि घर स्वतःचं असल्यासारखं चालवते. म्हणजे घर तिच्याच नावावर आहे, आमच्याकडे राहते असं फक्त म्हणायचं. पूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बायबलबाई असायच्या, घरोघर जाऊन आजाऱ्यांपाशी बसायच्या, शास्त्र वाचायच्या. ते पद कधीच गेलं. आत्यानं ते न विचारता चालू ठेवलंय.

गुरुवारची भेट तिच्या मैत्रिणीची. नर्सिंगच्या होस्टेलमध्ये दोघी एका खोलीत होत्या. ती मैत्रीण आता आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर मुलाकडे असते. पक्षाघातानं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. “हं” एवढंच उरलं. पण आत्यानं ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं गीत धरलं की ही बाई सगळी कडवी गाते, शब्दन्‌शब्द स्पष्ट. बोलणं आणि गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आत्या म्हणाली, “म्हणजे सोय आधीच करून ठेवली होती. डॉक्टरांना आत्ता कळली.”

आठवड्यातून तेवढा एक तास त्या बाईला शब्द मिळायचे.

मग टॉवरच्या गेटवर नवीन ॲप आलं. येणारा माणूस डिलिव्हरी, कॅब, पाहुणा की घरकाम, ते वॉचमननं दाबायचं. कुणीतरी गाण्याची तक्रार केली, सोसायटीच्या कमिटीनं ठराव केला की बाहेरच्यांनी आत येऊन धर्मप्रचार करू नये, आणि एका गुरुवारी ‘गाणाऱ्या आजी पाहुण्यांत धरायच्या नाहीत’ असं ऐकून आत्या गेटवरूनच परत आली.

मैत्रिणीच्या मुलाचा फोन आला. सज्जन माणूस, बँकेत आहे. “मावशी, सध्याचं वातावरण तुम्ही बघताच. थोडे दिवस जाऊ द्या ना. ॲग्रीमेंट संपत आलंय माझं.” तो भाड्यानं राहतो. आडनाव ऐकल्यावर ‘अहो, कालच गेलं घर’ असं ऐकत त्यानं अर्धं मुलुंड पायाखाली घातलं होतं. त्याला भित्रा म्हणायची माझी तरी हिंमत नाही. मी माझ्या मुलाच्या शाळेत ‘धर्म’ या रकान्यापुढे अक्षर बारीक काढणारा माणूस आहे.

इथे समितीचा अध्यक्ष पुढे सरसावला. व्हिडिओ कॉल. मी स्टँडसकट टॅब विकत घेतला, तो मैत्रिणीच्या मुलानं आईच्या पलंगाशी बसवला, आणि गुरुवारी आमच्या हॉलमध्ये आत्या लॅपटॉपसमोर बसली. तिनं पहिली ओळ गायली. तिकडे ती थोडी उशिरा पोहोचली. मैत्रिणीनं सूर मिळवला, तो इकडे आणखी उशिरा आला. आत्या शिस्तीची, ती तिच्यासाठी थांबली. ती आत्यासाठी थांबली. दोघी थांबल्या.

“नेट स्लो आहे,” मी म्हणालो.

“नेट कशाला, तू गप्प बस.”

पुन्हा धरलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मैत्रिणीनं ओठ मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. आम्हाला नुसते तिचे पांढरे केस दिसत राहिले.

त्यानंतर मुलानं कळवलं की आई आता “हं”सुद्धा करत नाही. चमचा तोंडाशी नेला तरी तोंड उघडायला वेळ लावते.

समितीत एकानं सुचवलं, “डिलिव्हरी सांगायचं आणि सरळ वर जायचं, यार.” मी त्याहून हुशार. म्हटलं, आत्या, तुझी त्यांच्याकडे स्वयंपाकाची बाई म्हणून नोंद करूया, रोजचा पासच मिळेल.

आत्या भाजी निवडत होती. “नर्स म्हणून मी कुठल्याही वॉर्डात पुढच्या दारानं गेले,” ती म्हणाली. “आणि प्रार्थनेला मागच्या दारानं जाऊ? भाजी तू निवड. स्वयंपाकाच्या बाईचं काम तुला चांगलं जमेल.”

पुढच्या गुरुवारी तिनं चर्चला नेसायची पांढरी साडी नेसली, गीतांचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि माळ्यावरचे डबे काढायचं घडीचं स्टूल माझ्या हातात दिलं. मी मध्यस्थी करायला निघालो होतो. वाटेत लक्षात आलं, मी हमाल आहे.

“आजी, काय लिहू?” वॉचमननं विचारलं.

“प्रार्थना.”

“तसलं बटण नाही यात.”

“मग ज्यांनी बटणं केली त्यांना बोलव.”

सोसायटीचे सेक्रेटरी आले. कोकणातले, चांगले गृहस्थ. त्यांच्या आईला शेवटच्या आजारात इंजेक्शनं द्यायला आत्याच जायची, त्यामुळे त्यांची नजर वर होत नव्हती.

“सिस्टर, माझं वैयक्तिक काही नाही. पण ठराव झालाय. धर्मप्रचार म्हटल्यावर...”

“कुणाचा प्रचार? ती बाप्तिस्म्यापासून ख्रिस्ती आहे. तिला मी आणखी काय करू?”

“तसं नाही. पण गाणं मनातल्या मनात म्हटलं तर?”

“तुम्ही गणपतीची आरती मनातल्या मनात म्हणता? तुमच्या आरतीला मी टाळ्या वाजवल्यात. मोदक खाल्लेत. मला तेव्हा कुणी बाहेरची म्हणालं नाही.”

सेक्रेटरींनी वॉचमनच्या ॲपमध्ये डोकं घातलं. मी स्टूल या हातातून त्या हातात घेतलं.

“हा फुटपाथ कुणाचा?” आत्यानं विचारलं.

“महापालिकेचा.”

“उघड रे स्टूल.”

गेटच्या गजांना लागून ती बसली आणि मैत्रिणीच्या मुलाला फोन लावला. “आईला खाली आण. बागेत फिरवायला ठराव नाही ना लागत?” तिनं गजांतून वर चौदाव्या मजल्याकडे पाहिलं. “मी बसलेय,” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

आम्ही लिफ्टकडे बघत राहिलो. दोनदा दार उघडलं, एकदा कुत्रा आला, एकदा पिझ्झावाला. मला वाटलं, नाही येणार. मी असतो तर नसतो आलो.

मग व्हीलचेअर आली. मुलगा ढकलत होता, घरच्या हाफ पँटवर, चेहरा पांढरा. त्यानं खुर्ची गजांपाशी आणून ब्रेक लावला.

“ॲग्रीमेंटचं काय?” मी हळूच विचारलं.

“बघू. घर शोधायची सवय आहे मला.” हे तो सेक्रेटरींना ऐकू जाईल असं म्हणाला.

“सलाम, गं,” आत्या आमच्या मंडळीतल्या रीतीनं म्हणाली.  आत्यानं गजांतून हात घालून तिचा डावा हात धरला आणि गीत धरलं, अभंगाच्या चालीचं. पहिली ओळ एकटीनंच म्हटली. दुसरीही. तिसरीच्या मध्यात मैत्रिणीचा घोगरा आवाज निघाला आणि जाऊन बरोबर जागेवर बसला. उशीर नाही, काही नाही. एक आजोबा भजन समजून हात जोडून उभे राहिले. ख्रिस्ताचं नाव आलं तेव्हा त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि हात तसेच ठेवले. मीही भरात येऊन सूर लावला. आत्यानं न थांबता मोकळ्या हातानं मला बंद केलं.

चार कडवी झाली. सेक्रेटरी म्हणाले, “सिस्टर, हे किती दिवस चालणार?”

“ती गातेय तोवर. नंतर मी एकटी.”

पुढच्या आठवड्यात गेटला पाटी लागली, इथे बसू नये. आत्यानं स्टूल पाटीच्या पलीकडे सरकवलं. ॲग्रीमेंटचं अजून नक्की नाही. मैत्रीण जेवते आणि गुरुवार आहे का ते डोळ्यांनी विचारते.

मी समितीचा अहवाल दिला. नवोपक्रम या मथळ्याखाली एकच शब्द होता. आमच्या चर्चचे तरुण पाळकसाहेब वाचून म्हणाले, “स्टूल?”

“घडीचं,” मी म्हणालो.

त्या गुरुवारी तेही आले, खांद्याला गिटार. सोसायटीच्या खिडक्यांतून माणसं बघत होती, पाळकसाहेबांनी जरा कॉलर सरळ केली. आत्यानं गिटारकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“वाजवा,” ती म्हणाली. “पण मागून. पुढे ती गाते.”