चर्चच्या दाराबाहेरच्या चपला

"प्रभूनं तुम्हाला मोकळं केलंय!" पाळकसाहेब उपदेशात सांगत होते. मी मान डोलावत होतो, पण नजर चर्चच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या नव्या चपलांवर होती. दाराशी बसलेला एक अनोळखी गृहस्थही सारखा तिकडेच बघत होता. मला त्याचं लक्षण काही ठीक दिसेना. खरं स्वातंत्र्य म्हणजे हा असला पहारा सोडता येणं, एवढंच असेल का? पटत होतं, पण सोडवत नव्हतं.

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक किलकिला ठेवला. त्याचाही किलकिलाच होता, आणि माझ्यावर रोखलेला. म्हणजे त्याला माझाच संशय!

बाहेर आल्यावर तो हसून म्हणाला, "जय ख्रिस्त, बंधू."

मी आधी त्याच्या पायांकडे बघितलं, मग म्हणालो, "जय ख्रिस्त."