लेकीच्या लग्नाची बाटली

जेवणाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींचा तो ग्रुप, आणि त्यातले आता वसईत आम्ही तिघंच उरलोय. आमंत्रण देणाऱ्या मित्राचा वालीवला प्लास्टिकचे साचे बनवायचा कारखाना आहे, आणि गेली काही वर्षं त्याला वाइनचं वेड लागलंय. त्याने लिहिलं होतं की रविवारी तो युरोपातल्या तीन जुन्या, मुरलेल्या वाइन उघडणार आहे, बायको घरीच चायनीज करणार आहे, आणि येताना कुणी सेंट मारून येऊ नये, वाइनचा वास कळत नाही. खाली तीन बाटल्यांचा फोटो होता.

तिसऱ्या बाटलीच्या लेबलाचा कोपरा फाटलेला होता आणि त्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. ती पट्टी मी लावली होती. आठवीत असताना, पप्पांच्या शेजारी बसून.

पप्पा बोटीवर स्टुअर्ड होते. एका खेपेला त्यांनी पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून त्याच नावाच्या वाइनच्या चार बाटल्या आणल्या आणि चारही बाटल्यांच्या मागच्या लेबलावर पेन्सिलीने लिहून ठेवलं, कुठली कधी उघडायची ते. मी पट्टी लावलेल्या बाटलीवर लिहिलं होतं, ‘लेकीच्या लग्नात उघडायची.’ माझं लग्न झालं नाही. त्यावरून पप्पा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्यांनी बाटल्याही उघडल्या नाहीत. गोधडीत गुंडाळून त्या कपाटाच्या तळाशी राहिल्या.

पप्पा गेल्यावर गावातलं घर आवरून मी माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आवराआवरीच्या वेळी हा मित्र मदतीला आला होता. त्याने बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या, हळहळला, आणि मला समजावलं की इतकी वर्षं वसईच्या उन्हाळ्यात राहून वाइनचा केव्हाच व्हिनेगर झालाय, उघडलीस तर वासानेच रडू येईल. तुला टाकवणार नाहीत, मी टाकतो, म्हणाला. मी त्याचे आभार मानले. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. चारही बाटल्या गोधडीसकट त्याच्या गाडीत ठेवायला मीच मदत केली.

फोटो मोठा करून मी तो कितीतरी वेळ बघत बसले; ती पट्टी मला आठवेल असं त्याच्या मनातही आलं नसणार. आधी वाटलं, आत्ताच फोन करून शिव्या घालाव्यात. पण मग तो काहीतरी कारण सांगेल, मी रडेन, आणि त्याला मला समजवायची संधी मिळेल. ते मला द्यायचं नव्हतं. मी ग्रुपवर लिहिलं, नक्की येते. रविवारपर्यंतच्या दोन दिवसांत मी मदेराबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. आयुष्यात कुठल्या परीक्षेसाठी मी इतका अभ्यास केला नव्हता.

रविवारी सातला मी पोचले. टेबलावर आम्ही चौघं होतो: तो, त्याची बायको, आमची दातांची डॉक्टर मैत्रीण आणि मी. त्याची बायको मनापासून रांधणारी बाई आहे. तिने आलं घालून वाफवलेलं पापलेट केलं होतं, पातीच्या कांद्याचा भात, आणि माहेरच्या वाडीतून आणलेलं बदक सोया सॉसमध्ये मुरवून भाजलं होतं. लाल चटणीला टेबलावर बंदी होती.

पहिली वाइन जर्मनीची, पांढरी, वयाने मधासारखी पिवळी झालेली. पापलेटाबरोबर ती फार छान लागली, हे मला कबूल करावं लागेल. दुसरी फ्रान्सची, लाल, कडेला विटकरी. तिला ओल्या पानांचा वास होता. तो प्रत्येक पेल्यावर बोलत होता, आम्ही ऐकत होतो. डॉक्टर मैत्रिणीने त्याला सांगितलं की तिच्या क्लबातल्या लोकांसमोर त्याने एकदा असंच बोलायला यावं. तो खुलला. मीही आग्रह केला.

मग बदक आलं, आणि तिसरी बाटली. ही कुठे मिळाली, असं मैत्रिणीने विचारलं. लिस्बनच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने तळघरातून खास त्याच्यासाठी काढून दिली, असं तो म्हणाला. त्या म्हाताऱ्याचा एक डोळा अधू होता, हेही सांगितलं. मी त्याला पुरतं बोलू दिलं. मग शाळेत विचारते तशा आवाजात विचारलं, “इतकी जुनी वाइन आपल्याकडच्या उकाड्यात खराब नाही होत?”

“दुसरी कुठलीही झाली असती,” तो म्हणाला. “मदेरा नाही होत. ती बनवतानाच महिनोन्‌महिने उष्णतेत ठेवतात. तुझ्या माळ्यावर शंभर वर्षं पडली तरी तिला काही होणार नाही.”

हे बोलून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. चेहरा उतरताना मी पाहिला. मी बाटली उचलली, फिरवली आणि त्याच्या बायकोपुढे ठेवली. म्हटलं, मागे पेन्सिलीने काही लिहिलंय, माझा चष्मा राहिला, वाचून दाखवतेस?

तिने दिव्याखाली धरून वाचलं, “लेकीच्या लग्नात उघडायची.” मग गोंधळून नवऱ्याला म्हणाली, “हे मराठीत कसं?”

“माझ्या पप्पांचं अक्षर आहे,” मी म्हटलं.

बाकीचं मी दोघींना सांगितलं, आवाज न चढवता, गोधडीच्या रंगापर्यंत. तो एकदा म्हणाला की त्याला तेव्हा खरंच वाटलं होतं, बाटल्या गेल्यात म्हणून. डॉक्टर मैत्रीण म्हणाली, मग लिस्बन कुठून आलं.

मी तिथून उठून गेले असते तर त्याची सुटका झाली असती. म्हणून मी बसले. पेला पुढे केला आणि त्याला ओतायला लावलं. उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांसारखी चव होती तिची, जळक्या साखरेची, आणि शेवटी जिभेच्या कडांना चिंचेसारखी आंबट. पप्पांनी ती कधीच चाखली नव्हती, हे घोट गिळल्यावर लक्षात आलं. पण त्याच्यासमोर मी रडले नाही. भात पुन्हा घेतला. बदकाचा तुकडा घेतला. त्याच्या पेल्यात वाइन तशीच होती, मी त्याला म्हटलं, पी, इतकी सांभाळून ठेवलीस. त्याने पेला उचलला आणि परत ठेवला. अशी दीड तास मी तिथे जेवत होते.

निघताना बाकीच्या तीन बाटल्यांचं विचारलं. दोन पिऊन झाल्या होत्या, एक शिल्लक होती. ती त्याच्या बायकोने आतून आणून दिली. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, त्याच्याबद्दल नाही. उघडलेली बाटलीही बूच लावून मी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. परदेशात असलेल्यांनीही वाचलं. क्लबातलं त्याचं भाषण झालं नाही. त्याने मला लांबलचक माफीचा मेसेज पाठवला. मी तो वाचल्याचं त्याला दिसू दिलं आणि उत्तर दिलं नाही.

नाताळच्या आधी पापनिवेदनाला गेले तेव्हा हे फादरांना सांगितलं. सूड घेतला, आणि घेताना फार बरं वाटलं, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, आता माफ करू शकशील का. मी म्हटलं, अजून नाही, फादर. ते म्हणाले की निदान तशी इच्छा व्हावी म्हणून प्रार्थना कर.

ती प्रार्थना मी अजून केलेली नाही. चर्चमध्ये मिस्साला तो तीन बाक पुढे बसतो. मी त्याच्या मानेकडे बघत राहते.